लाल परी इंडोनेशियात

पाटीवर लिहिलंय 'अंबाजोगाई – लातूर'. गाडी लाल, चाकांच्या वर चिखलाचे शिंतोडे. रस्ता मात्र रेणापूरचा नाही, इंडोनेशियाचा आहे. तिकडंही वाहनं डाव्या बाजूनंच चालतात, म्हणून आपली लाल परी तिथं परकी वाटत नाही.

गेमचं नाव बस सिम्युलेटर इंडोनेशिया. मालेओ या तिथल्या कंपनीनं तो २०१७ मध्ये आणला. बसचा रंग, पाट्या, नक्षी म्हणजे लिव्हरी. ती खेळणाऱ्यानं स्वतः रंगवून टाकावी, अशी सोय कंपनीनं दिली. पुढं अख्खी गाडी बनवून आणायलाही वाट करून दिली. ही गाडी बनवली अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातल्या कॉलेजच्या पोरानं. जुना लॅपटॉप आणि ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. मापं घेतली स्टँडवर उभ्या असलेल्या खऱ्या बसची, आणि तीही पावलांनी मोजून. खिडकीच्या गजांवरच त्याचे आठ दिवस गेले. आजी विचारायची, "रात्र रात्र काय करलालास रे?"

यालाच मॉड म्हणतात. गेम दुसऱ्याचा, त्यातली भर आपली. १९९३ मध्ये डूम हा गेम आला, तेव्हा तो बनवणाऱ्यांनी नकाशे आणि चित्रं मूळ इंजिनापासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामपासून, वेगळ्या फाइलीत ठेवली. खेळणाऱ्यांनी त्या फाइली बदलाव्यात, ही त्यांचीच इच्छा होती. पुढं हाफ-लाइफ या गेमवर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक हा मॉड केला. हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्यांच्यावर खटला भरला नाही. मॉड विकत घेतला आणि दोघांना कामावर घेतलं.

पण दरवेळी असं होत नाही.

आपल्याकडं बटईची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, माल बहुधा निम्मा-निम्मा. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्कायरिम या गेमचे मॉड पैसे घेऊन विकायची सोय सुरू झाली. मॉड करणाऱ्याच्या वाट्याला किती? शंभरातले पंचवीस. बाकीचे पंचाहत्तर दुकान चालवणारी व्हॉल्व्ह आणि गेम बनवणारी बेथेस्डा या दोन कंपन्यांचे. खेळणारे इतके खवळले की चार दिवसांत ती सोय बंद झाली. त्यातल्या अनेकांना मॉड फुकटच हवे होते, हेही खरं. पण मला तो पाव हिस्सा खटकतो. बटईदारालाही बहुधा याहून जास्त वाटा मिळतो.

२०१७ मध्ये जीटीए या गेमची मालक कंपनी टेक-टूनं त्याचे मॉड करायच्या ओपनआयव्ही या साधनाला कायदेशीर नोटीस धाडली. खेळणाऱ्यांनी वाईट शेऱ्यांचा पाऊस पाडला आणि त्याच महिन्यात कंपनीला नमतं घ्यावं लागलं. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच घरच्या, जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारनं फाइव्हएम हा जीटीएचा मॉड चालवणारी मॉडवाल्यांची टोळी आपल्यात सामील करून घेतली. म्हणजे आधी नोटीस, मग निमंत्रण.

अंबाजोगाईच्या पोराला नोटीस आली नाही, पैसाही आला नाही. त्याची लिव्हरी मात्र कुणीतरी उचलली आणि स्वतःच्या नावानं पसरवली. मागच्या काचेवर बारीक अक्षरात त्यानं आपलं नाव घातलं होतं, तेही खोडून. हे सांगताना त्याचा आवाज बसला. कंपनीनं दार उघडं ठेवलं तर त्या दारात बनवणाऱ्याचं नाव टिकेल एवढी सोयही तिनंच करावी, असं मला मनापासून वाटतं.

सध्या तो उसाचं जुगाड बनवतोय: ट्रॅक्टर आणि मागं मोळ्यांनी भरलेल्या दोन गाड्या. आईवडील दरवर्षी तोडीला जातात, लहानपणी तोही त्याच गाडीवर मोळ्यांच्या वर बसून कारखान्याच्या काट्यापर्यंत गेलाय. गेममध्ये मागची गाडी वळणावर अजून रस्ता सोडते. ती सरळ चालेपर्यंत फाइल कुणालाच द्यायची नाही, असं त्यानं ठरवलंय.