पिट्सबर्गमधील पाच मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बिलावरचे एक युनिट कोळशावर तयार होताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड धुरांड्यातून हवेत जातो. राख दिसते, धूर दिसतो, हा वायू दिसत नाही. न दिसणाऱ्या या वायूला मर्यादा घाला, अशी मागणी अमेरिकेत सामान्य लोकांनी केली, त्याविषयी आज बोलणार आहे. जून २०१४ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चालू वीज केंद्रांसाठी अशा मर्यादेचा मसुदा प्रसिद्ध केला. त्या सुमाराच्या एका राष्ट्रीय जनमत चाचणीत दहांपैकी सात जण मर्यादेच्या बाजूने होते, आणि मसुद्यावर ४० लाखांहून अधिक अभिप्राय आले.

त्या उन्हाळ्यात मी लेकीकडे पिट्सबर्गला गेले होते. ३१ जुलैला तिथे या मसुद्यावर जनसुनावणी सुरू झाली आणि लेकीने बोलण्यासाठी नाव दिले होते. पिट्सबर्ग म्हणजे कोळशाचे आणि पोलादाचे शहर, त्यामुळे बाहेर लष्करी छापाचे शर्ट घातलेल्या हजारो खाणकामगारांचा मोर्चा होता. आत मात्र प्रत्येकाला फक्त पाच मिनिटे. पाच मिनिटे, श्रोतेहो, आणि प्रत्येक शब्दाची नोंद. आपल्याकडच्या सभांतही अध्यक्षांनी ही शिस्त पाळावी असे मला मनापासून वाटते, कारण तासभर बोलणारा वक्ता इतरांची वेळ हिरावून घेतो.

माझ्या शेजारी एक निवृत्त खाणकामगार बसले होते. त्यांच्या हातातला कागद घड्यांवर झिजलेला होता आणि बोटांवर निळसर रेघा होत्या; जुन्या जखमांत कोळशाची भुकटी राहून गेली की अशा खुणा कायमच्या उरतात, हे त्यांनीच मला सांगितले. ते मसुद्याच्या विरोधात बोलले. आपले निवृत्तिवेतन आणि औषधपाणी कंपनी चालेल तोवरच आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर माझी लेक मसुद्याच्या बाजूने बोलली. बाहेर पडताना ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "हवेबद्दल तू जे बोललीस ते मला पटते, बाळ. आमच्या गावांचे पुढे काय, तेवढेही लिही." तिने त्याच रात्री लेखी अभिप्रायात निवृत्तिवेतनाचा परिच्छेद घातला आणि मला दोनदा वाचून दाखवला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१५ मध्ये नियम पक्का झाला: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत वीज केंद्रांचा कार्बन ३२ टक्क्यांनी कमी करायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि तो कधीच अमलात आला नाही. तरीही स्वस्त नैसर्गिक वायू, पवनऊर्जा आणि सौरऊर्जा यांमुळे २०१९ पर्यंत ती पातळी गाठली गेली. नियम आला नाही, खाणी मात्र बंद पडत गेल्या. म्हणूनच मर्यादेची मागणी आणि कामगाराची तरतूद या दोन गोष्टी एकत्रच मागायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे. खाणकामगारांच्या निवृत्तिवेतन निधीला सरकारी तिजोरीतून आधार देणारा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला. ती बातमी ऐकून लेकीने मला फोन केला, तेव्हा आम्हा दोघींना त्या निळसर रेघाच आठवल्या.

आता आपल्याकडे पाहू. चंद्रपूर आणि कोराडीच्या केंद्रांना लागू असलेल्या डिसेंबर २०१५ च्या मानकांत धूळ, गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या मर्यादा आहेत. कार्बन डायऑक्साइडची मर्यादा त्यांत नाही. आपल्या भागात नव्या संचासाठी जनसुनावणी लागली, तर राखेबद्दल बोलून झाल्यावर या वायूचीही नोंद करायला सांगा, आणि वणीच्या खाणीत उतरणाऱ्या माणसाचे पुढे काय, हेही त्याच कागदावर लिहून द्या. नमस्कार.