खुब्याने टोलवायचा चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

मेक्सिकोच्या युकातान भागात चिचेन इत्सा हे माया लोकांचं जुनं शहर आहे. तिथलं, चेंडू खुब्याने टोलवायच्या खेळाचं मैदान सुमारे १६८ मीटर लांब. दोन्ही बाजूंना आठेक मीटर उंच भिंती, आणि त्यांत पार वरच्या अंगाला बसवलेली दगडी कडी. गाइड हमखास सांगतो, चेंडू या कड्यातून गेला की सामना संपायचा आणि कप्तानाचं डोकं उडवायचे. कधी हरलेल्याचं, कधी जिंकलेल्याचं. भिंतीवर शिर तुटलेला खेळाडू कोरलेला आहे हे खरं, त्याच्या मानेतून रक्ताच्या जागी साप उसळताना दिसतात. नरबळी काही ठिकाणी, काही प्रसंगी दिले जात. पण दर सामन्याला मुंडकं, हे काही खरं नव्हे. कडीसुद्धा बऱ्याच उशिरा आली. जुन्या मैदानांत बहुतेक ठिकाणी ती नाहीच.

मला विचाराल तर या खेळातलं खरं नवल म्हणजे चेंडू.

मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात एल मनाती इथे पाणथळ चिखलात रबराचे चेंडू सापडले. त्यांतले सर्वांत जुने इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचे. रबराच्या झाडाचा नुसता चीक वाळवला तर तो ठिसूळ होतो, उसळत नाही. तिथल्या लोकांनी त्यात एका वेलीचा रस घातला. रात्री पांढरी फुलं उमलणारी ही वेल आपल्याकडच्या गारवेलीच्या कुळातली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला आणि १९९९ साली प्रसिद्ध केला. चीक आणि रस एकत्र ढवळत राहिलं की पंधराएक मिनिटांत पांढरा लवचिक गोळा जमतो. तो घट्ट व्हायच्या आत हाताने वळायचा. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर टिकाऊ केलं ते १८३९ साली. म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांनी!

पुढे मध्य मेक्सिकोतल्या अस्तेक साम्राज्यात एका तोच्तेपेक प्रांताकडूनच वर्षाला १६,००० रबरी चेंडू खंडणी म्हणून येत. माणसं कापड, पिसं, दागिने पैजेवर लावत. दिएगो दुरान या स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलंय की काही जण स्वतःलाच पणाला लावत आणि हरले की गुलाम होत. द्यूत ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

१५२८ मध्ये एर्नान कोर्तेसने, म्हणजे अस्तेक साम्राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदाराने, काही खेळाडू स्पेनला नेले. ख्रिस्टोफ वायडिट्झ या जर्मन चित्रकाराने ते तिथे पाहिले आणि चितारले: अंगावर कमरेच्या चामड्यापलीकडे फारसं काही नाही आणि चेंडू पार्श्वभागावर घेतलेला. लाकडाचे, चिंध्यांचे, हवा भरलेले चेंडू माहीत असलेल्या युरोपला एवढी उसळी नवीनच होती. तिकडे मेक्सिकोत मात्र मिशनऱ्यांनी या खेळावर बंदी घातली. मैदानाशेजारी देव होते, खेळात पूजा होती, तेच त्यांना खुपलं.

तरी खेळ पुरता मेला नाही. वायव्य मेक्सिकोत सिनालोआ राज्यातल्या खेड्यांत तो 'उलामा' या नावाने टिकला. भरीव रबराचा चेंडू तीन-चार किलोंचा. हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, खुब्यानेच टोलवायचा. चेंडू जमिनीलगत आला की खेळाडू एक हात टेकून आडवा होतो आणि कमर फेकतो. कमरेला चामडं आणि पट्टा घट्ट आवळलेला असतो, तरी काळेनिळे डाग चुकत नाहीत. गुणांची पद्धत तर सापशिडीसारखी: आठ गुणांना सामना, पण कमावलेले गुण हातचे जाऊही शकतात. त्यामुळे सामना कधी संपेल याचा नेम नसतो.

अलीकडे मेक्सिको सिटीतही तरुण मुलं-मुली उलामा शिकू लागली आहेत. पूर्वी हा पुरुषांचाच खेळ मानत. आता मुलींचे संघ उतरतात. नातेवाईक म्हणावेत असे आणखीही खेळ आहेत. मिचोआकान राज्यातले पुरेपेचा लोक रात्री पेटता चेंडू काठ्यांनी खेळतात. ओआहाका राज्यातल्या मिश्तेक लोकांच्या खेळात हातात खिळे ठोकलेला, काही किलोंचा चामडी हातमोजा असतो. तिथून कामधंद्यासाठी कॅलिफोर्नियात गेलेली माणसं तो मोजाही सोबत घेऊन गेली. लॉस एंजेलिसकडे, फ्रेस्नोकडे मोकळी जागा बघून, जमिनीवर रेघा आखून त्यांचे सामने होतात.