पिल्लाचे घरातले पहिले सहा आठवडे

नमस्कार. समोर टोपलीत झोपलंय त्या पिल्लाचं वय नऊ आठवडे. रस्त्यावरच्या कुत्रीचं पिल्लू आहे, पाच भावंडांतलं. परवाच इथल्या एका ताईंनी त्याला घरी आणलं आणि संध्याकाळी मला फोन करून विचारलं, "याला 'बस' आणि 'शेकहँड' कधीपासून शिकवू?"

हा प्रश्न मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: 'बस' कधीही शिकवा. दोन महिन्यांनी शिकवा, दोन वर्षांनी शिकवा, कुत्रं शिकतं. पण काही गोष्टींची वेळ एकदा गेली की परत येत नाही, आणि ती वेळ आत्ता, या टोपलीत चालू आहे. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट, जॉन फुलर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करत होते. १९६१ साली तिथला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पिल्लं त्यांच्या आईसोबत उंच कुंपणाच्या मैदानात वाढवली. खाणंपिणं सगळं मिळायचं, पण माणसाशी संबंध जवळजवळ नाहीच. काही पिल्लांना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणलं, आणि काहींना मात्र चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं पुढे माणसाला रानातल्या जनावरासारखी बुजायची. नंतर लाड करूनही त्यांची भीती नीटशी गेली नाही. पिल्लांना कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. योग्य वयात त्यांना माणूस भेटला नव्हता, एवढंच.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टीला 'हे असतंच' म्हणून आत घेतं. त्यानंतर तेच मन नव्या गोष्टीला आधी 'हे कोण?' असं विचारायला लागतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही. म्हणजे ते घरी येतं आठव्या आठवड्याला, आणि दार मिटायला लागतं चौदाव्याला. हिशेब करा, आपल्या हातात सहा आठवडे उरतात.

आणि नेमके हेच आठवडे लशींचे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. 'सगळ्या लशी होईस्तोवर घराबाहेर काढू नका' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मीही ऐकलं होतं, आणि तंतोतंत पाळलं होतं.

माझी पहिली कुत्री ठमी. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात ती चार महिन्यांची होईपर्यंत राहिली. आई, बाबा, मी आणि कामाच्या मावशी, एवढंच तिचं जग. शेवटची लस झाली आणि मी हौसेनं नवा लाल पट्टा घालून तिला खाली नेलं. फाटकाशी एक रिक्षा सुरू झाली. ठमी फरशीला चिकटली. चारही पंज्यांची नखं फरशीवर घासत होती, शेपटी पोटाखाली, आणि खाली लघवीचं थारोळं पसरत गेलं. मी तिला उचललं तेव्हा तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. ती तेरा वर्षं जगली. तेरा वर्षं आम्ही तिला पहाटे पाचला फिरवत होतो, कारण सहानंतर रस्त्यावर वाहनं असायची. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण तिचं ते निम्मं जग मी हिरावून घेतलं, याची बोच मला आजही आहे, आणि म्हणून मी गावोगाव हे सांगत फिरते.

आता कुणी म्हणेल, मग पार्व्हो हा संसर्गजन्य आजार झाला तर? बरोबर आहे, पार्व्हो पिल्लाचा जीव घेतो आणि त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून जिथे ओळखदेख नसलेली कुत्री शी-शू करतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही. पण जमिनीवर सोडायचं नाही म्हणजे दाखवायचंच नाही असं थोडंच आहे? ओढणीची झोळी करा. कडेवर घ्या. भाजीवाल्याच्या गाडीपाशी दहा मिनिटं उभ्या राहा. सोसायटीच्या फाटकाशी उभ्या केलेल्या स्कूटरवर त्याला मांडीत घेऊन बसा आणि जाणारी-येणारी माणसं बघू द्या: काठी टेकत जाणारे आजोबा, हेल्मेट घातलेला मुलगा, छत्री, बुरखा, रडणारं बाळ. घरी माणसं बोलवा. शेजारी लस झालेलं, शांत, मोठं कुत्रं असेल तर त्याच्याशी गाठ घालून द्या. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं तर लेखी सांगितलंय की पहिली लस होऊन सात दिवस झाले आणि जंतांचं औषध दिलं, की पिल्लांच्या वर्गात न्यायला हरकत नाही. आपापल्या डॉक्टरांशी हे मोकळेपणानं बोला.

एकच पथ्य. नुसतं दाखवून भागत नाही, ते बघताना पिल्लाला बरं वाटलं पाहिजे. बस दिसली की तोंडात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, नाहीतर पनीर. तुकडा घेत नसेल, कान मागे पडले असतील, जांभया देत असेल, तर आपण फार जवळ आलोय. दहा पावलं मागे व्हा. ढोल-ताशांची आणि फटाक्यांची तयारी श्रावणात करा. पिल्लू जेवताना फोनवर ढोल इतका हळू लावा की त्याचा कान हलेल पण तोंड थांबणार नाही. मग आठवड्यागणिक किंचित वाढवा. गणपतीच्या मिरवणुकीत हौसेनं पिल्लू नेऊ नका, हात जोडून सांगते.

शू. इथे बऱ्याच जणांच्या घरात वाद होतात. आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन तास थांबू शकतं. झोपून उठलं, जेवलं, खेळलं, की उचला आणि ठरलेल्या जागी न्या. तिथे केली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांत, शाबासकी आणि खाऊ. आत येऊन डब्यातून बिस्किट दिलंत तर ते बक्षीस आत आल्याचं झालं. पायपुसणी महिनाभर गुंडाळून माळ्यावर टाका, कारण मऊ आणि पाणी शोषणारं काहीही पिल्लाला शूची जागाच वाटतं. घरात झाली तर एन्झाइमचं क्लीनर वापरा. फिनेलनं वास आपल्या नाकापुरता जातो. आणि पिल्लाचं नाक त्यात घासणं, वर्तमानपत्राची सुरळी मारणं बंद. "पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा चोरासारखा करतं!" २००९ साली न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हेच तपासलं. तो चेहरा कुत्र्यानं चूक केली होती की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. ते पश्चात्ताप करत नसतं, घाबरलेलं असतं.

चावण्याबद्दल. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात आणि चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात. तोवर हात हे खेळणं होऊ देऊ नका. दात टोचला की हात मऊ सोडा, खेळ थांबवा, उठून उभ्या राहा. वीस सेकंदांनी परत बसा, आणि हातात दोरीचं खेळणं ठेवा. भावंडंही हेच करतात, जोरात चावलं की खेळ मोडतात. अर्थात, संध्याकाळी सात वाजता पिसाटल्यासारखं चावणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं. दिवसाचे अठरा तास झोप लागते त्याला. शिकवू नका, झोपवा.

नाव हाक मारायला वापरा, रागवायला नको. 'ये' म्हटल्यावर आलेल्या पिल्लाला कधीही दटावू नका, चप्पल फाडून आलं असलं तरीही. रोज पंजे, कान, ओठ हळूच हाताळा, म्हणजे पुढे डॉक्टरांच्या टेबलावर त्याची झटापट होणार नाही. आणि एकटं राहणं दहा सेकंदांपासून शिकवा: दाराबाहेर जा, परत या, काही झालंच नाही असं वागा.

हां, टोपली हलली. डोळे उघडलेत, ताई. जमीन हुंगायची वाट बघू नका, आत्ताच उचला. मागच्या दारानं आवार आहे, कुंपणाच्या आतलं, तिथे दुसरी कुत्री येत नाहीत. खाऊ हातात घ्या, डब्यात नको. बाकीच्यांनी प्रश्न लिहून ठेवा, आम्ही दहा मिनिटांत येतो.