एक तोळा अत्तर, घरच्या काट्यावर

(पडद्यावर: काचेचं कपाट, रांगेनं लावलेल्या शिश्या. एक हात काचेची काडी शिशीत बुडवतो आणि समोरच्या मनगटावर टेकवतो.)

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, शहागंजच्या घड्याळाकडून सिटी चौकाकडं निघालं की अत्तराची दुकानं लागतात. दुकान कसलं, एक कपाट, एक गादी आणि समोर उभं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नाव घेऊन मागत नाही. ‘ठंडा द्या’ म्हणतं, नाहीतर ‘गरम’. ठंडा म्हणजे वाळा, गुलाब, मोगरा, केवडा. गरम म्हणजे हिना, शमामा, अंबर, ऊद. मे महिन्यात गरम अत्तर मागणाऱ्याकडं दुकानदार एकदा निरखून बघतो.

आता हा हात बघा. वाळ्याच्या शिशीतून थोडं, चंदनातून थोडं, मग मोगरा, सगळं एका रिकाम्या शिशीत. बूच लावलं, दोनदा उलटसुलट केलं, गिऱ्हाईकाच्या हातात दिलं. खरा हुन्नर हा आहे. हवाबंद खोक्यातला स्प्रे विकायला हुन्नर लागत नाही, शेल्फ लागतं.

शिश्यांची मापं अजून जुनीच आहेत. 12 मिलीची शिशी म्हणजे एक तोळा, 6 मिली अर्धा, 3 मिली पाव. तोळा हे मुळात वजन, साधारण 11.66 ग्रॅम. शिशी मात्र मिलीलिटरात भरली जाते. घरी मिश्रण करणारे पहिल्यांदा फसतात ते इथंच.

(पडद्यावर: स्वयंपाकघरातला ओटा. त्यावर स्टीलचं ताट, ताटात छोटा काटा.)

थेंब मोजायचे नाहीत, वजन करायचं. कारण समोर दिसतंय. ही चंदनाच्या तेलाची पिपेट, म्हणजे थेंब सोडायची बारीक नळी: थेंब लोंबतो, जाड होतो, मग पडतो. ही लिंबाच्या तेलाची: टपटप, टपटप. एका पिपेटचा थेंब 0.02 ग्रॅम भरतो, दुसरीचा 0.04 च्या आसपास जातो. कृतीत ‘पाच थेंब’ लिहिलं असेल तर आज बनवलेलं अत्तर पुढच्या महिन्यात तसंच जमेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. सोनारी कामासाठी मिळणारा 200 ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा पुरतो. तो सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचा आकडा नाचत राहतो, हे याच चित्रात दिसेल. हे काटे दीड-दोन मिनिटांत आपोआप बंद पडतात आणि तोवरचं वजन विसरतात. म्हणून प्रत्येक वस्तू घातली की आकडा लगेच वहीत, पुढची बाटली उघडण्याआधी.

बाकी सामान थोडं. 12 मिलीच्या काचेच्या शिश्या, 3 मिलीच्या प्लास्टिक पिपेट आणि टीपकागदाच्या पट्ट्या. पिपेट दर वस्तूला वेगळी. रबरी टोपीचा ड्रॉपर काम करताना चालतो, पण तो शिशीवर बसवून ठेवायचा नाही. कडक तेलाच्या वाफेनं रबर फुगतं, चिकट होतं, आणि आठवड्याभरात मोगऱ्याला सायकलच्या ट्यूबचा वास येतो. थर्माकोलचा किंवा पातळ प्लास्टिकचा कप तर अजिबात नको, लिंबाच्या तेलानं त्याला भोक पडतं. ते भोक कॅमेऱ्यात मिळालं आहे, पाहून घ्या.

(पडद्यावर: चार काचेच्या वाट्या. चारांत चार द्रव. प्रत्येकात वाळ्याच्या तेलाचा एक थेंब.)

आता आधार, म्हणजे ज्या द्रवात सुगंध विरघळवायचा तो. जुन्या रीतीत हा आधार चंदनाचं तेल असायचा. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, जाते आणि भपक्यातल्या चंदन तेलात सुगंध मुरतो. आज चंदनाच्या तेलाचा भाव बघता ते कुणी आधार म्हणून ओतत नाही. घरी करणाऱ्यानं डीपीजी घ्यावं. पूर्ण नाव डायप्रोपिलीन ग्लायकॉल. रंग नाही, वास जवळपास नाही, किंचित जाडसर. परफ्युमरीचा दर्जा आहे का ते विचारून घ्यायचं.

पहिल्या वाटीत डीपीजी आहे. थेंब पसरला, विरघळला. दुसऱ्या वाटीत ग्लिसरीन. थेंब वर गोळा होऊन बसला, कितीही ढवळा, बसलेलाच. ग्लिसरीन तेलाला आत घेत नाही, आणि त्वचेवर चिकटतं ते वेगळंच. तिसऱ्या वाटीत घरचं खोबरेल. आत्ता ठीक दिसतंय, पण खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं. परभणीच्या डिसेंबरात सकाळी शिशी उघडाल तर आत मेणबत्ती असेल. तिळाच्या तेलाला स्वतःचाच वास आहे आणि ते पुढं खवटतं, म्हणून त्याची वाटी मांडलीच नाही.

चौथी वाटी आयपीएमची, म्हणजे आयसोप्रोपिल मायरिस्टेट. पाण्यासारखं पातळ. लिंबू, संत्रं असली सालीची तेलं डीपीजीत कधीकधी ढगाळ होतात, आयपीएमत स्वच्छ राहतात. उलट व्हॅनिलिनचे, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या पदार्थाचे, स्फटिक डीपीजीत विरघळतात, आयपीएमत तळाशी पडून राहतात. दोन्हींचे गुण एकत्र मिळतील म्हणून हे दोन आधार एका शिशीत ओतणारे असतात. त्यांचं काय होतं ते या शिशीत दिसतं: वर एक थर, खाली दुसरा. एका अत्तराला एकच आधार.

स्पिरिटचं विचारलं जातं म्हणून एवढंच: दवाखान्यातलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर सुगंधासाठी नाही, आणि शुद्ध अल्कोहोल घरात आणणं उत्पादन शुल्काच्या परवान्याचा विषय आहे. अत्तराला अल्कोहोल लागतच नाही. ईदच्या नमाजाला जाणाऱ्याच्या कानातला फाया आणि हळदीकुंकवाला मनगटावर लागणारं बोट, दोन्ही त्यावाचूनच चालत आले आहेत.

(पडद्यावर: वाळ्याच्या मुळ्या पाण्यात भिजतात. शेजारी गडद, मधासारखं तेल.)

वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच, खिडकीला त्याचे पडदे लावून वर पाणी मारतो तोच. मुळ्यांतून काढलेलं हे तेल इतकं जाड असतं की पिपेटमध्ये चढत नाही. शिशी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही. तांब्याच्या देगेत काढलेल्या ‘रूह खस’ला हिरवट झाक असते. रूह म्हणजे आधार न मिसळलेलं निखळ तेल. पण हिरवा रंग दिसला म्हणून रूह मिळाली असं समजू नका, रंग बाटलीत घालताही येतो.

मोगरा, गुलाब आणि चंदन या नावांनी बाजारात जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक कंपाउंड असतं, प्रयोगशाळेत जुळवलेलं. घरच्या मिश्रणाला ते पूर्ण चालतं. फक्त विकणाऱ्यानं ते कंपाउंड म्हणून विकावं आणि सोबत आयफ्राचा कागद द्यावा. आयफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, 1973 पासूनची. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ते कंपाउंड किती टक्क्यांपर्यंत चालेल, हे त्या कागदावर असतं. कागद नाही म्हणणाऱ्याकडून उदबत्तीपुरता माल घ्यावा.

(पडद्यावर: काट्यावर शिशी. आकडा शून्य.)

करायचं आहे 10 ग्रॅम, 12 मिलीच्या शिशीत. वर थोडी हवा राहते, ती हवीच. सुगंधी भाग 2 ग्रॅम, आधार 8 ग्रॅम. म्हणजे वीस टक्के.

शिशी काट्यावर, काटा शून्यावर. चंदन कंपाउंड 0.70 ग्रॅम. पुन्हा शून्य. वाळ्याचं तेल 0.50. पुन्हा शून्य. मोगरा 0.50. गुलाब 0.20. जड आणि टिकाऊ वस्तू आधी, उडून जाणाऱ्या शेवटी, म्हणजे उघड्या शिशीतून त्या कमी जातात.

राहिला वेलदोडा. त्याचं तेल इतकं तीव्र की या शिशीला 0.01 ग्रॅम पुरे. पण हा काटाच 0.01 चा. शेवटचा आकडा इकडं-तिकडं झाला तर माप एकदम दुप्पट किंवा शून्य. म्हणून आधी वेगळ्या शिशीत 1 ग्रॅम वेलदोडा तेल आणि 9 ग्रॅम डीपीजी असं दहा टक्क्यांचं पातळ करून ठेवायचं आणि त्यातलं 0.10 ग्रॅम घालायचं. आता एका आकड्याची चूक झाली तरी नाकाला कळत नाही. लवंग, दालचिनी, केशराचं कंपाउंड, कोणतीही तिखट वस्तू घरात आली की पहिलं काम हेच. शिशीवर ‘10%’ ठळक लिहा, नाहीतर महिन्यानं पातळ कोणतं आणि मूळ कोणतं यावर घरात वाद.

हात चुकतोच. या चित्रात मोगरा 0.50 ऐवजी 0.56 पडला. पिपेटनं परत ओढून काढू नका, त्यात खालचं चंदन आणि वाळाही येतो. 0.56 भागिले 0.50 म्हणजे 1.12. सगळी कृती 1.12 नं गुणायची. चंदन 0.78 करायला 0.08 वाढवा, वाळा 0.56 करायला 0.06. पुढं गुलाब 0.22, वेलदोड्याचं पातळ 0.11, आधार 8.96. अत्तर सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास झालं, शिशीत मावलं, काही बिघडलं नाही. वही होती म्हणून.

(पडद्यावर: बूच लावलेली शिशी उन्हात नाही, कपाटात. कॅलेंडरची पानं.)

आधार लगेच ओतत नाहीत. नुसता सुगंधी भाग बूच लावून 48 तास ठेवायचा, मग 8 ग्रॅम डीपीजी, हलक्या हातानं फिरवायचं आणि अंधाऱ्या कपाटात तीन आठवडे. पहिल्या दिवशी मोगरा एकटाच ओरडतो, वाळा मातीसारखा खाली बसलेला. आठवड्यानं टोक बोथट होतं. तिसऱ्या आठवड्यात कुठं वाळा संपला आणि चंदन लागलं हे सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी वास घेऊन ‘काहीतरी कमी आहे’ म्हणत भर घालत बसणं ही नव्या माणसाची सर्वांत महागडी सवय.

मुरवणं लवकर व्हावं म्हणून शिशी खिडकीत ठेवणारे आहेत. एप्रिलमध्ये मराठवाड्यात पारा अनेकदा 40 च्या वर जातो. अशा उन्हात लिंबा-संत्र्याची तेलं हवेशी मिळून वार्निशसारखी वासतात. माठ ठेवलेला कोपरा चालेल, फ्रिजच्या मागची गरम फट नाही.

रंग बदलला म्हणून घाबरू नका. व्हॅनिलिन असेल तर अत्तर हळूहळू तपकिरी होतं. मोगऱ्यातले काही घटक दुसऱ्यांशी जुळले की पिवळं-नारिंगी होतं. वास चांगला असेल तर ते अत्तर चांगलं, फक्त पांढऱ्या झब्ब्यापासून लांब. ढगाळ झालं, तळाशी थेंब साचले, तर मात्र आधार चुकला. त्याला हलवून उपयोग नाही, नवीन शिशी.

वास घ्यायचा तो टीपकागदावर, दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पट्टीवर पेन्सिलीनं वेळ लिहा. नाक थकलं की बाहेर अंगणात जाऊन उभं राहा. कॉफीच्या बिया हुंगायची टूम दुकानांतून घरात आली आहे, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत नाही.

अंगाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक टिपका, दोन दिवस वाट, लाल झालं तर नको. दाबून काढलेलं लिंबाचं तेल दोन टक्क्यांच्या वर नको, उन्हात त्वचा भाजते. हे अत्तर किंवा त्याचं कंपाउंड ई-सिगारेटमध्ये भरायचं नाही, तेल तापून फुप्फुसात जातं, आणि 2019 च्या कायद्यानं ती वस्तू बनवणं, विकणं, साठवणं देशात बंदच आहे. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या कप्प्यात शिश्या.

(पडद्यावर: खुलताबादची चढण, संदलची मिरवणूक, गर्दीतला एक हात दुसऱ्या हाताला अत्तर लावतो. मग लग्नमंडप, गुलाबदाणी, अत्तरदाणी. काही सेकंद निवेदन नाही.)

(पडद्यावर: पुन्हा तोच ओटा. शिशीवर चिठ्ठी चिकटवली जाते.)

चिठ्ठीवर नाव नको, आधी तारीख, मग पाचही वजनं, मग आधार. तीन आठवड्यांनी वाळा जड वाटला तर याच शिशीत दुरुस्ती करायची नाही. नवी शिशी घ्या, वाळा 0.50 चा 0.35 करा, उरलेलं 0.15 चंदनाला द्या, बाकी सगळं तसंच. एका वेळी एवढाच बदल. आणि मे महिन्यासाठी करत असाल तर 2 ग्रॅमच्या जागी दीड ग्रॅम सुगंधी भाग घ्या, सगळे आकडे पाऊणपट, आधार साडेआठ ग्रॅम. गरम अंगावर वास लवकर फुलतो. या शिशीवर ‘2’ लिहिलं, तारीख टाकली, पहिलीच्या शेजारी ठेवली.