भाषांतर अचूक, प्रश्न मात्र वेगळा

आरोग्यविषयक ज्ञान मोजणारी चाचणी एका समाजात तयार होते, तिथे पारखली जाते आणि पुढे दुसऱ्या समाजातल्या संशोधकाला ती हवीशी वाटते. त्यासाठीची वाट आता मळलेली आहे. दोघेजण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांचा मेळ घातला जातो, मूळ मजकूर न पाहिलेले आणखी दोघे ते उलट मूळ भाषेत आणतात, तज्ज्ञ समिती तुलना करते आणि शेवटी 30 ते 40 जणांना ती सोडवायला देतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिसलिन यांच्या 1970 च्या लेखापासून उलट भाषांतर विशेष रुळले. माझा आक्षेप या पायऱ्यांना नाही. त्या चढून झाल्या की काम संपले, या समजुतीला आहे.

चिंता किंवा वेदना मोजणाऱ्या प्रश्नावलीत अर्थ टिकला की बरेचसे साधते. ज्ञानाच्या चाचणीत मात्र उत्तराचा खरेपणा आणि प्रश्नाची काठिण्यपातळीही टिकावी लागते, आणि उलट भाषांतरात नेमक्या याच दोन गोष्टी दिसत नाहीत. 'हायपोग्लायसेमिया म्हणजे काय?' हा प्रश्न घ्या. भाषांतरकाराने सुबोधतेपोटी तिथे 'रक्तातील साखर कमी होणे' असे लिहिले, तर उत्तर प्रश्नातच सांगून झाले. उलट भाषांतर करणारा त्याचे पुन्हा 'हायपोग्लायसेमिया' करतो, समिती समाधानाने मान डोलावते आणि चाचणीतला एक प्रश्न फुकट जातो.

उत्तरसूचीही तपासावी लागते. हृदय बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीला छातीवर 15 दाब आणि 2 श्वास हे प्रमाण 2005 पूर्वी बरोबर होते; त्या वर्षी ते 30 दाबांना 2 श्वास असे झाले. जुनी सूची तशीच उचलली, तर जाणकारालाच गुण कमी मिळतात. एककांचे काम त्यामानाने सोपे आहे: उपाशीपोटीच्या रक्तातील साखरेचे दर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्या पद्धतीने दर लिटरला 7 मिलिमोल.

चुकीचे पर्याय हा याहून अवघड भाग. चांगला चुकीचा पर्याय लोकांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजातून येतो, आणि गैरसमज समाजागणिक बदलतात. जो पर्याय नव्या समाजात कोणालाच पटत नाही, तो केवळ जागा अडवतो. चारांतून एक निवडण्याचा प्रश्न तिनांतून एक निवडण्याचा होतो. असे पर्याय भाषांतरित न करता त्या समाजातल्या लोकांशी बोलून नव्याने रचावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नकारार्थी विधानांचीही हीच गत. 'बरे वाटू लागले तरी रक्तदाबाची गोळी बंद करू नये' यावर कोणी 'नाही' म्हटले, तर तो विधान नाकारतो आहे की गोळी बंद करायची नाही असे सांगतो आहे? हे आकडेमोडीतून कळत नाही; समोर बसवून, 'हे उत्तर का निवडलेत?' असे विचारल्यावरच कळते.

आकडेमोड पुढे लागतेच. एकूण गुण सारखे असलेल्या दोन समाजांतल्या व्यक्तींपैकी एकाच गटाला एखादा प्रश्न सतत जड जात असेल, तर तो प्रश्न ज्ञानाखेरीज आणखी काही मोजतो आहे असा संशय घ्यावा. अशा छाननीत 20 पैकी 17 प्रश्न उरले, तर मूळ चाचणीतल्या गुणांशी थेट तुलना करता येणार नाही आणि उत्तीर्णतेची रेषाही नव्याने आखावी लागेल. संशोधकांना हे जिवावर येते, कारण पुष्कळदा त्या तुलनेसाठीच त्यांनी चाचणी आणलेली असते.