मापात चुकवलेले, नजरेत बसलेले

हा लघुपट सुरू करताना आपण ज्या चिन्हावर बोट टेकवले, ते चिन्ह पुन्हा एकदा नीट पाहू या. एक वर्तुळ, आणि त्यात उजवीकडे टोक असलेला त्रिकोण. पट्टीने मोजून, दोन्ही बाजूंना सारखे अंतर सोडून तो बसवला, तर डावीकडे सरकल्यासारखा दिसतो. कारण त्याचा बहुतेक भार उभ्या बाजूपाशी असतो आणि टोकाकडे फारच थोडा उरतो. म्हणून तो मुद्दाम किंचित उजवीकडे सरकवतात, आणि मगच मधोमध बसल्यासारखा वाटतो.

पट्टी आणि डोळा यांचे नेहमी जुळतेच असे नाही, हे अक्षरे घडवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘ग’चा काना खालच्या रेषेवर सपाट टेकतो, तर ‘ठ’चा गोल त्या रेषेला जेमतेम एका बिंदूत शिवतो. दोन्ही अक्षरे तंतोतंत एकाच रेषेवर थांबवली, तर ‘ठ’ आखूड वाटतो. त्यामुळे त्याचा गोल केसभर खाली उतरवावा लागतो. १९२७ साली जर्मनीत आलेला, पाउल रेनर यांचा ‘फुटुरा’ हा टंक, म्हणजे छपाईच्या रोमन अक्षरांचा घाट, निव्वळ कंपास-पट्टीने आखल्यासारखा भासतो. पण गोल भाग उभ्या रेघेला मिळतो तिथे रेघ हळूच बारीक केलेली आहे, नाहीतर त्या सांध्यात काळा डाग साचल्यासारखा दिसला असता. ही काळजी वाचकाच्या लक्षातही येत नाही, आणि मला तिचे सर्वांत मोठे अप्रूप याचेच वाटते.

फ्रान्सच्या नौदलाच्या ध्वजावरील निळा, पांढरा आणि लाल हे पट्टे १८५३ पासून ३०, ३३ आणि ३७ या प्रमाणात असतात. काठीपासून सर्वांत दूरचा लाल पट्टा वाऱ्यावर फडफडताना आखडलेला दिसतो, म्हणून त्याला जास्त रुंदी दिली आहे.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. डांबरावर रंगवलेला ‘हळू’ हा शब्द पायी ओलांडताना पाहिला, तर अक्षरे उभी ताणलेली, बेढब वाटतात. एकेक अक्षर पार करायला काही पावले टाकावी लागतात. मात्र गाडी चालवणाऱ्याचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर असतो आणि तो शब्दाकडे दुरून, अगदी तिरप्या नजरेने पाहतो. त्या नजरेत सगळी लांबी दबून जाते आणि अक्षर प्रमाणशीर दिसते. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेजवळ गवतावर रंगवलेल्या काही जाहिराती दूरचित्रवाणीवर फलकासारख्या ताठ उभ्या दिसतात, त्याही याच हिशेबाने, कॅमेऱ्याची जागा धरून आखलेल्या असतात. चेंडूमागे धावणारा क्षेत्ररक्षक मात्र त्यांच्यावरूनच पळत जातो, आणि त्याच्या पायांखाली असतात केवळ तिरके, लांबलचक रंगाचे पट्टे.