हॉलची पावती ज्याच्या नावावर, त्या दिवसाची काळजीही त्याचीच

नमस्कार मंडळी.

हे कुलूप बघा. साधंच आहे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तसं. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या मुंजीला असंच एक कुलूप मी हॉलच्या मागच्या दारावर बघितलं. सकाळचे साडेसहा वाजले होते. आचाऱ्याची माणसं पोह्यांना फोडणी घालत होती, डेकोरेटरचा पोरगा शिडीवर चढून शेवटची झालर बांधत होता. मी सहज हॉलला एक चक्कर मारली, तर मागच्या दाराला कडी, कडीला कुलूप आणि दारापुढे माझ्या खांद्यापर्यंत येतील अशा खुर्च्यांच्या चळती. वॉचमनकडे चावी मागितली. तो म्हणाला, "ताई, चावी साहेबांकडे असते. साहेब अकराला येतात."

मुहूर्त होता ९ वाजून १२ मिनिटांचा. म्हणजे अडीचशे माणसं आत, मधोमध होम पेटलेला, डोक्यावर कापड, आणि बाहेर पडायला दार एकच.

फोनवर फोन केले. पावणेआठला साहेबांचा मुलगा स्कूटरवरून चावी घेऊन आला. खुर्च्या आम्ही सहा जणांनी उचलून बाजूला केल्या. मुंज छान झाली, पाहुण्यांना यातलं काही कळलंही नाही. पण मला ते आजही टोचतं. बुकिंगच्या वेळी मी एसी आहे का विचारलं, गाड्या किती लागतील विचारलं, खोल्यांना गरम पाणी आहे का तेही विचारलं. मागचं दार उघडतं का, एवढं मात्र विचारलं नाही.

म्हणून आजचा व्हिडिओ हॉल भाड्याने घेणाऱ्यांसाठी आहे. लग्न असो, बारसं असो, साठीशांत असो, सोसायटीची सभा असो की क्लासचं गॅदरिंग असो.

आपण काय धरून चालतो? भाडं भरलं, डिपॉझिट दिलं, आता बाकीचं कार्यालयवाले बघून घेतील. कार्यालयवाल्यांची जबाबदारी आहेच, आणि ती मोठी आहे. पण विचार करा, डेकोरेटर कुणी ठरवला? तुम्ही. आचारी, डीजे, फोटोग्राफर कुणी बोलावले? तुम्ही. पत्रिका किती वाटल्या, हे तर तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. हॉलमध्ये त्या दिवशी जे जे नवीन येतं, ते सगळं तुमच्या शब्दावर येतं.

याचं एक उदाहरण सांगते. सांगताना मला त्रास होतो, पण सांगायलाच हवं. हरियाणात मंडी डबवाली नावाचं गाव आहे. २३ डिसेंबर १९९५ ला तिथे एका शाळेचं बक्षीस समारंभाचं स्नेहसंमेलन होतं. शाळेने त्यासाठी लग्नाचा हॉल घेतला होता. वर सिंथेटिक कापडाचा शामियाना होता. शॉर्ट सर्किट झालं, कापड पेटलं, आणि पेटलेलं कापड वितळून खाली बसलेल्या माणसांवर पडायला लागलं. बाहेर पडायची वाट एकच. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं होती. आईवडील त्यांचं कौतुक बघायला आले होते.

पुढे भरपाईचा खटला वर्षानुवर्षं चालला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला, तेव्हा हॉलवाल्यांबरोबर शाळा चालवणाऱ्या संस्थेलाही जबाबदार धरलं, आणि सरकारी यंत्रणांनाही. संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तिथेही तिची जबाबदारी टळली नाही. हॉल आमचा नव्हता, आम्ही भाड्याने घेतला होता, हे म्हणणं पुरलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैत. त्याला फॉर्म बी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. बुकिंगला गेलात की कार्यालयात शांतपणे म्हणा, "तुमचा यंदाचा फॉर्म बी बघू का?" ज्यांच्याकडे आहे ते लगेच फाईल काढतात, मी अनुभव घेतलाय. "तो काय असतो?" असं उत्तर आलं, तर मी तिथे ॲडव्हान्स देणार नाही, हॉल कितीही स्वस्त असला तरी.

दुसरा प्रश्न, किती माणसं मावतात? इथे "आरामात पाचशे" असं उत्तर येतं. आपण स्वतः हिशोब करू. राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडायच्या वाटा किती माणसांसाठी ठेवायच्या, याचा हिशोब दिलाय. खुर्च्या मांडलेल्या जागेत माणशी ०.६ चौरस मीटर, आणि जेवणाच्या किंवा खुर्च्या नसलेल्या जागेत माणशी १.५ चौरस मीटर. समजा हॉल ६० फूट बाय ४० फूट आहे. म्हणजे २४०० चौरस फूट, साधारण २२३ चौरस मीटर. खुर्च्या मांडल्या तर ३७० च्या आसपास माणसं होतात. त्याच हॉलमध्ये बुफे लावला तर दीडशेलाही एखाददुसरा कमीच. आणि यातून स्टेजची जागा अजून वजा केलेली नाही. आता आठवा, मागच्या लग्नात ताट हातात घेऊन तुम्ही किती वेळ उभे होतात आणि मागे सरकायला जागा होती का.

उपाय सोपा आहे. माणसं जास्त असतील तर लग्नाची आणि स्वागत समारंभाची वेळ वेगळी ठेवा, पत्रिकेवर तशी छापा. लोक समजून घेतात.

आता वायरिंग. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक हॉलमध्ये मला इथेच भीती वाटते.

हॉलची वायरिंग एका ठरावीक लोडसाठी केलेली असते. आपण त्यावर काय काय चढवतो? डेकोरेटरच्या फोकस लाइट, एलईडी वॉल, डीजे, पॉपकॉर्नचं मशीन, चहाचा बॉयलर. आणि हे कशावर? एका एक्स्टेन्शन बोर्डवर, त्याच्यातून दुसरा बोर्ड, त्याच्यातून तिसरा. पिन नसली की उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काडीने घट्ट केलेल्या. काडेपेटीच्या काडीने! हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, स्टेजच्या मागे, पैठणीच्या पडद्यापासून वीतभर अंतरावर.

तामिळनाडूत श्रीरंगमला २३ जानेवारी २००४ रोजी एका लग्नाच्या हॉलला आग लागली. व्हिडिओ शूटिंगसाठी ओढलेल्या वायरीतून ठिणगी उडाली आणि वर शाकारलेला मांडव होता. पन्नासहून जास्त माणसं गेली. नवरा मुलगाही गेला.

तर करायचं काय? डेकोरेटर, डीजे आणि शूटिंगवाला, तिघांकडून आधी विचारून घ्या की तुम्हाला किती किलोवॅट लागतात. ते आकडे हॉलच्या इलेक्ट्रिशियनला द्या. त्याने नाही म्हटलं तर जनरेटर मागवा, आणि जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब उभा करा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर तासाभराने मुख्य बोर्डजवळ जाऊन बघा. प्लग किंवा वायरीचं वरचं आवरण गरम लागत असेल, तर त्यातली काहीतरी वस्तू बंद झालीच पाहिजे. गालिच्याखालून वायर नेऊ देऊ नका. वर माणसं चालतात, आवरण सोलतं, आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

सजावटीचं कापड होमापासून आणि हॅलोजनपासून लांब हवं. फुलांच्या कमानी मागच्या दारापुढे नकोत. डेकोरेटरला दार झाकायचंच असतं, कारण फोटोत ते वाईट दिसतं. तुम्ही त्याला नाही म्हणा.

आणि कोल्ड पायरो. नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जमिनीवरून ठिणग्यांची कारंजी उडतात ना, ती. नाव कोल्ड असलं तरी ती धातूची जळती भुकटी असते. २६ सप्टेंबर २०२३ रोजी इराकमध्ये काराकोश गावी लग्नाच्या हॉलमध्ये आत उडवलेल्या अशाच आतषबाजीने छताची सजावट पेटली आणि शंभरहून जास्त वऱ्हाडी गेले. माझं मत स्पष्ट आहे, छताखाली हे नको. फुलांच्या पाकळ्या उधळा. फुग्यांच्या बाबतीत एकच विचारा, आत हेलियम आहे की हायड्रोजन. स्वस्तात मिळणारा गॅस बऱ्याचदा हायड्रोजन असतो, आणि केकच्या मेणबत्तीजवळ तो गुच्छ भडकतो.

भटारखान्यात जा. नवरीच्या आईने नाही, पण घरातल्या कुणीतरी जाच. केटरिंगला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर असतात. ते उभे आहेत का, शेगडीपासून लांब आहेत का, नळीला भेगा नाहीत ना, एवढं डोळ्यांनी दिसतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारीच्या जाळीत साचतो. म्हणून तळघरात किंवा जिन्याखाली स्वयंपाक करू देऊ नका. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, माणसं बाहेर, आणि तिथून दूर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन.

जेवणाचं थोडक्यात. केटररचा अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक कोटेशनवर लिहून घ्या. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आत राहायला हवेत, मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. मे महिन्यातल्या लग्नात बासुंदी, श्रीखंड, रसमलाई दुपारभर टेबलावर उघडी असते, तिथेच गडबड होते. थोडी थोडी बाहेर काढायला सांगा, बाकीची बर्फात. आणि उरलेलं संध्याकाळी उकळून वाढलं की चालतं, हा समज सोडा. काही जंतू अन्नात विष सोडतात आणि ते उकळूनही जात नाही. पाणी टँकरचं असेल तर टाकी कधी धुतली, हे विचारायला लाजू नका.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. बंद हॉलला सूट आहे ती आवाज आतच राहण्यापुरती. शेजारच्या इमारतीत कुणाची दहावीची परीक्षा असते, कुणी आजारी असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. घरातली एक व्यक्ती अशी ठरवा, जिला त्या दिवशी दुसरं काही काम नाही. मामा नको, तो नवरीला बोहल्यावर आणणार. काका नको, ते पाकिटं सांभाळणार. एखादा चुलतभाऊ, एखादी वहिनी, ऑफिसातला जवळचा मित्र. त्या व्यक्तीला कार्यक्रमाआधी तासभर हॉलवर पाठवा. तिने प्रत्येक दार स्वतःच्या हाताने उघडून बघायचं, नुसतं बघून यायचं नाही. कुलूप दिसलं तर काढून स्वतःजवळ ठेवायचं. आग विझवायची नळकांडी कुठे आहेत, त्यांच्यावरचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पुढे टेबल तर लावलं नाही ना, ते बघायचं. मीटरची खोली कुठे आहे आणि मेन स्विच कोणता, ते वायरमनकडून दाखवून घ्यायचं. १०१, १०८ आणि ११२ हे नंबर आणि हॉलचा पूर्ण पत्ता मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा. गडबडीत आपल्याला पत्ताच आठवत नाही, "ते स्टेशनजवळचं कार्यालय" एवढंच तोंडातून येतं.

आणि माइकवरून एक वाक्य. "जेवणाची व्यवस्था पहिल्या मजल्यावर" हे आपण दहा वेळा सांगतो. त्यातच एकदा सांगा, "बाहेर पडायला स्टेजच्या डाव्या हाताचं दारही उघडं आहे." अपशकुन वगैरे काही होत नाही. मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या रेस्टॉरंटच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले, त्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि धुराने गुदमरले. वाट माहीत नसली की माणूस जिथे दार दिसेल तिथे शिरतो.

कायद्याचं एकच सांगते. आगीच्या किंवा ज्वलनशील वस्तूंच्या बाबतीत हयगय केली आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हयगयीने मृत्यू झाला तर कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत. तिथे करणारा कोण ते बघतात, भाड्याची पावती बघत नाहीत.

कार्यक्रम संपला की सगळे थकलेले असतात, गाडीत सामान भरायची घाई असते. त्याच वेळी दोन ठिकाणी जाऊन या. एक भटारखाना, प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवून बघा. दुसरं होमकुंड. वरची राख गार लागते, पण आत निखारा चार-चार तास जिवंत राहतो, आणि सफाईवाला ती राख थेट निर्माल्याच्या पोत्यात भरतो. फुलं, पत्रावळी, कागद, सगळं त्याच पोत्यात. तांब्याभर पाणी ओता, पळीने ढवळा, पुन्हा ओता. वाफ यायची थांबली की मग पोतं, आणि मग चावी परत.